हवा चांगली आहे, असं मी सांगितलं होतं

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं तरी दंड बसायचा, त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी माझ्या रूममेटने घेतली आहे. (ती बार्शीची. व्याकरणात पक्की, सबमिशनमध्ये कच्ची.) संपादक मंडळाला माझ्याकडून कविता हवी होती. कविता काही जमली नाही. एक हिशेब मात्र वर्षभर डोक्यात घोळतोय, तोच लिहिते.

मागच्या डिसेंबरात एका शनिवारी मी आत्याकडे गेले होते. आत्याचं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, होटगीच्या पुढे. मेसच्या भाजीचा कंटाळा आला की आम्हा हॉस्टेलवाल्यांना नातेवाईक फार आठवतात, त्यातलाच प्रकार. तिथे कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि आमचा पिंट्या. पिंट्या म्हणजे माझा आतेभाऊ. वय आठ, इयत्ता तिसरी, आणि लहानपणापासून दमा. दप्तरात कंपासपेटी असते तसा त्याच्याकडे पंप असतो.

सोमवारी त्याच्या शाळेत खेळांच्या स्पर्धांची तयारी होती, सकाळी साडेसातला मैदानावर. रात्री तो दोन-तीनदा खोकला होता. सकाळी आत्या म्हणाली, "बघ गं, तुझ्या मोबाइलवर हवा दिसती म्हणे. पाठवू का ह्याला?" मी अंथरुणातूनच अ‍ॅप उघडलं. सोलापूर, हिरवा रंग, 'समाधानकारक'. मी म्हटलं, "पाठव की आत्या. हवा चांगली आहे."

दहाच्या सुमारास शाळेतल्या बाई त्याला स्कूटरवरून घरी घेऊन आल्या. त्याचे ओठ निळसर दिसत होते. दुपारी आम्ही दवाखान्यात होतो आणि त्याच्या तोंडावर नेब्युलायझरचा मास्क होता. तो बरा झाला, हे आधीच सांगते म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. डॉक्टरांनी आत्याला एकच प्रश्न विचारला. "आंघोळीचं पाणी कशावर तापवता?"

आत्या म्हणाली, "बंबावर."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हेच होतं की माझ्या मोबाइलवरचा तो हिरवा आकडा आला कुठून? तो खोटा होता का? शोधत गेले तेव्हा कळलं, खोटा अजिबात नव्हता. पण पिंट्याने त्या सकाळी जी हवा घेतली, तिच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, व्हायव्हा घेणार नाही.

आपल्याकडे हवा मोजायचं सरकारी जाळं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८४ साली सुरू केलं. तेव्हा फक्त ७ केंद्रं होती, आग्रा आणि अनपारा इथे. आग्र्याला ताजमहाल आणि अनपाऱ्याला औष्णिक वीज केंद्र. पुढे हे जाळं देशभर पसरलं. महाराष्ट्रात ते राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ चालवतं. सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या आवारात एक केंद्र आहे, म्हणजे आपल्यासारख्याच पोरापोरींच्या डोक्यावर. आणखी एक एका क्लिनिकवर आहे. शिवाय सतत मोजणारं, आपोआप आकडे पाठवणारं केंद्रही शहरात आहे. जानेवारी २०१९ मध्ये 'राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम' जाहीर झाला, तेव्हा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव आलं, ते याच मोजणीमुळे. म्हणजे जाळं बिनकामाचं आहे असं मी म्हणत नाही.

हाताने चालवायच्या केंद्रात जे यंत्र असतं तसं एक आमच्या सिव्हिलच्या लॅबमध्ये आहे. सरांनी चालू करून दाखवलं. आवाज जुन्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा. ते मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतं. १० मायक्रॉनपेक्षा मोठी धूळ आधीच गाळून बाजूला पडते आणि बारीक धूळ एका फिल्टर पेपरवर बसते. पेपर आधी वजन करून ठेवलेला असतो, आठ तासांनी परत वजन करायचं. आठ तासांत ५२८ घनमीटर हवा गेली आणि पेपरचं वजन ५२.८ मिलिग्रॅमने वाढलं, तर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम धूळ. पीएम-१० ची आपली २४ तासांची मर्यादा नेमकी हीच, १००. चिमूटभर मिठाहूनही कमी वजनावर सगळा निकाल! असे आठ-आठ तासांचे तीन पेपर मिळून एक दिवस होतो. आणि असे दिवस आठवड्यातून दोन, वर्षाला १०४. उरलेले २६१ दिवस हे यंत्र बंद. आपलोआप मोजणारं केंद्र रोज मोजतं, पण ते महाग, म्हणून थोडीच.

आता मेख बघा. समजा एखाद्या गल्लीत सकाळी दोन तास हवेत ४०० मायक्रोग्रॅम धूळ आहे आणि उरलेले २२ तास ६०. सरासरी काढा. ८०० अधिक १३२०, भागिले २४. उत्तर ८८. मर्यादेच्या आत, रंग हिरवा, 'समाधानकारक'. परीक्षेत सरासरी काढून पास होतात तसं. पण पिंट्याचं फुप्फुस सरासरीने श्वास घेत नाही. ते सकाळी साडेसहाला उठतं, आंघोळ करतं, बंबाशेजारी उभं राहून टॉवेल शोधतं आणि धुरातूनच शाळेत जातं. ते नेमकं त्या दोन तासांतच बाहेर असतं.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. पण डिसेंबरातल्या सकाळी आपल्या भागात काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. मेसमधल्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. धूर वर जात नाही, गल्लीतच तरंगत राहतो. त्याच वेळेला घरोघरी बंब पेटतात. जळण म्हणजे तुराट्या, बाभळीची लाकडं, गोवऱ्या, चिपाडं आणि (आत्याने खूप आढेवेढे घेऊन कबूल केलं) कधी फाटकी चप्पल, कधी प्लास्टिकची पिशवी. स्वयंपाक गॅसवर होतो, पाणी मात्र बंबावरच तापतं. सरकारी नोंदीत त्या घरात गॅस आहे. 'उज्ज्वला' योजना २०१६ साली आली, त्यानंतर गावागावांत सिलिंडर पोचले, ते खरंच. पण आत्या म्हणते, "सिलिंडर आंघोळीला लावला तर महिना काढायचा कसा?" तिला काय उत्तर द्यायचं मला सुचलं नाही.

बंबाचं नळकांडं साधारण पोरांच्या डोक्याच्या उंचीवर संपतं. सरकारी यंत्राचं तोंड, नियमाप्रमाणे, जमिनीपासून ३ ते १० मीटर उंच. यामागे कारण आहे. एका गाडीच्या किंवा एका शेगडीच्या धुराने आकडा बिघडू नये, सगळ्या परिसराची हवा कळावी, म्हणून. शहराची हवा मोजायला हे बरोबर. पण आठ वर्षांचं पोर चार फुटांचं असतं.

लहान मुलांचं गणित आणखी एका बाबतीत वेगळं आहे. लहान बाळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या साधारण दुप्पट हवा आत घेतं. फुप्फुसं जन्मतः पूर्ण झालेली नसतात, ती विशीच्या उंबरठ्यापर्यंत वाढत राहतात. वाढायच्या वयात जे राहून गेलं ते पुढे भरून निघणं कठीण. आपण वीस वर्षांचे, आपलं जे व्हायचं ते होऊन गेलं.

'ऊर्जेमुळे होणारं प्रदूषण' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बंब येतच नाही. चिमणी येते. आणि चिमणी आत्याच्या गच्चीवरून दिसतेच. आहेरवाडी-फताटेवाडीचं एनटीपीसीचं केंद्र, ६६० मेगावॅटचे दोन संच. पहिला २०१७ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाला, दुसरा २०१९ मध्ये. मी इलेक्ट्रॉनिक्सची, तरी कागदावर हिशेब केला. पूर्ण क्षमतेने दिवसभर चाललं तर सव्वातीन कोटी युनिट वीज. युनिटला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला वीस हजार टन. देशी कोळशात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राख. बहुतेक सगळी राख विजेच्या पट्ट्यांवर पकडली जाते, ९९ टक्क्यांहून जास्त. सुटते ती सगळ्यात बारीक, आणि तिच्याबरोबर सल्फर डायऑक्साइड.

पिंट्याच्या त्या सोमवारचा ठपका मी या चिमणीवर ठेवत नाहीये. कशाच्या आधारावर ठेवणार? पण त्यामुळेच मोजणीचा प्रश्न गंभीर होतो. मोठ्या वीज केंद्रांच्या चिमणीत सतत मोजणारं यंत्र बसवणं केंद्रीय मंडळाने २०१४ पासून सक्तीचं केलं. म्हणजे चिमणीतून काय बाहेर पडतं ते क्षणाक्षणाला नोंदलं जातं. पण चिमणीतलं मोजणं वेगळं आणि अंगणातलं मोजणं वेगळं. ५०० मेगावॅटच्या वरच्या संचांना २७५ मीटर उंच चिमणीचा नियम होता. आपल्या शेजारच्या विजापूरचा गोलघुमट एकावर एक पाच रचले तरी तेवढी उंची होत नाही. इतक्या उंचावरून सोडलेला वायू पायथ्याशी पडत नाही, वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर जातो. वाटेत सल्फर डायऑक्साइडचं सल्फेट होतं, म्हणजे वायू निघाला आणि बारीक धूळ पोचली. मग तो कुठल्या केंद्रावर कसा सापडणार? पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, हिवाळ्यात बऱ्याचदा पूर्वेकडून. मोजायचं तर दोन्ही बाजूंच्या गावांत मोजायला हवं.

आणि आपलं जाळं मुळात शहराचं आहे. सोलापूर जिल्हा जवळपास १४,९०० चौरस किलोमीटरचा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात ४३ लाख माणसं होती आणि त्यातली शहरात साडेनऊ लाख. म्हणजे आकडा चौथ्या हिश्श्याहून कमी लोकांचा, आणि माझ्यासारखी शहाणी मुलगी तो सगळ्या तालुक्याला लावून मोकळी होते.

हा शहरी डोळा नियमांतही आहे. वीज केंद्रांसाठी सल्फरचे कडक निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले, मुदती वाढत गेल्या, आणि शेवटी जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. कुणाला सूट आणि कुणाला नाही हे ठरवताना मुख्य पट्टी कसली, तर मोठ्या किंवा प्रदूषित शहरापासून केंद्र १० किलोमीटरच्या आत आहे का. सूट देणाऱ्यांचं म्हणणं असं की देशी कोळशात सल्फर कमी आहे आणि यंत्रणा बसवायचा खर्च प्रचंड. त्यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. माझी हरकत पट्टीला आहे. तिच्यात गाव मोजलंच जात नाही.

मग जाळं चांगलं की वाईट हे ठरवायचं कसं? मी आधी केंद्रांची संख्या मोजत होते. सिव्हिलचे सर म्हणाले, "संख्या सोड. त्या आकड्यामुळे कुणी काही वेगळं केलं का, ते विचार." मग मी चंद्रपूरचं वाचलं. तिथलं औष्णिक केंद्र राज्यातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक, २,९२० मेगावॅटचं. २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले. (डिस्टिंक्शन, पण उलटं.) ७० च्या वर गुण असलेल्या भागांत नव्या उद्योगांवर जानेवारी २०१० मध्ये काही काळ बंदी आली. म्हणजे आकड्याला नियम जोडलेला असेल तर आकडा हलवतो. दिल्लीतही २०१७ पासून ठरलेल्या पातळीपुढे हवा गेली की बांधकामं थांबतात, लहान वर्गांच्या शाळा बंद होतात.

पण सगळ्यात आवडलं ते दक्षिण कॅलिफोर्नियाचं काम. तिथे १९९३ पासून बारा गावा-शहरांतल्या शाळकरी मुलांना वर्षानुवर्षं तपासलं. मुलं जिथे राहतात तिथेच हवा मोजायची केंद्रं ठेवली. दर वर्षी मुलांना नळीत फुंकायला लावून फुप्फुसाची ताकद बघायची. २००४ मध्ये निकाल आला. अठराव्या वर्षी फुप्फुसाची ताकद अपेक्षेच्या ८० टक्क्यांहून कमी असलेली मुलं सगळ्यात स्वच्छ गावात १.६ टक्के होती, सगळ्यात धुरकट गावात ७.९ टक्के. पुढे तिथली हवा सुधारली तशी नंतरच्या मुलांची फुप्फुसंही सुधारली, हे २०१५ मध्ये दाखवता आलं. त्यांना हे दाखवता आलं, कारण हवेची वही आणि मुलांची वही एकत्र ठेवली होती. आपल्याकडे हवेची वही एका खात्यात, दम्याची चिठ्ठी आत्याच्या पर्समध्ये. पर्समधली चिठ्ठी कोण मोजणार?

आता तो 'समाधानकारक' शब्द. हवेचा निर्देशांक २०१५ मध्ये सुरू झाला. एक आकडा, एक रंग, एक शब्द, म्हणजे सामान्य माणसाला कळावं. कल्पना उत्तम. पण पायऱ्या नीट वाचा. चांगली, समाधानकारक, मध्यम, वाईट, अतिवाईट, गंभीर. पीएम-१० ची मर्यादा १००, पण २५० पर्यंत शब्द 'मध्यम'! मध्यम म्हटल्यावर आपल्याला काय वाटतं? ठीकठाक, तिखट-मध्यम. सरकारच्याच बारीक अक्षरांत लिहिलंय की या पातळीला दमेकऱ्यांना, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्रास होऊ शकतो. शब्द धडधाकट माणसाचा, तळटीप पिंट्याची. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम-१० ची दिवसाची मर्यादा ४५ वर आणली. त्या हिशेबाने माझं वरचं ८८ जवळपास दुप्पट होतं.

जानेवारीत मी प्रोजेक्ट ग्रुपचा धूळ मोजायचा छोटा सेन्सर घेऊन आत्याकडे गेले. लेझरच्या झोतात धुळीचे कण किती चमकतात त्यावरून तो अंदाज करतो. दोन-तीन हजारांत मिळतो. त्याचा दोष असा की हवेत दमटपणा असला की पाण्याच्या थेंबालाही तो धूळ समजतो, म्हणून आधी चांगल्या यंत्राशेजारी ठेवून त्याची चूक काढून घ्यावी लागते. आमच्या सेन्सरची तशी तपासणी झालेली नव्हती, तेव्हा आकडे छापत नाही. पण चढउतार कळायला तपासणी लागत नाही. पहाटे शांत. सहाच्या पुढे शेजाऱ्यांचा बंब पेटला तशी रेघ चढायला लागली, आत्याचा पेटला तेव्हा पार टोकाला. साडेआठपर्यंत परत खाली. दहा वाजता कुणी येऊन मोजलं असतं तर म्हणालं असतं, छान हवा आहे तुमच्या गावची.

आत्याने ती रेघ पाहिली. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बंब उचलून मागच्या बाजूला नेला, गोठ्यापलीकडे. पिंट्याचं एक बादली पाणी आता गॅसवर तापतं, बाकीच्यांचं बंबावर. सोलापूरसारख्या उन्हाच्या गावात छतावर सोलर हीटर का नाही, हे मी म्हणणार होते. किंमत आठवली आणि गप्प बसले.

मग मी शाळेत गेले. स्कूटरवरून आणणाऱ्या त्याच बाईंना भेटायला. अमेरिकेत काही शाळा हवेच्या रंगाचा झेंडा रोज फाटकावर लावतात, हे त्यांना सांगितलं. आपल्याकडे प्रत्येक शाळेत फळा असतो, त्यावर आजचा सुविचार असतो, वार, तारीख, पट, हजर. त्याखाली एक ओळ हवेची लिहिली तर? वाईट असेल त्या दिवशी पळायची तयारी साडेसातऐवजी साडेनऊला.

बाईंना कल्पना आवडली. त्यांनी लगेच खडू घेतला, सुविचाराखाली 'आजची हवा' असं सुबक अक्षरात लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली आणि माझ्याकडे वळल्या. "बरं, आणि आपल्या गावचा आकडा कुठून आणायचा, मॅडम?"

मी मोबाइल खिशातून काढला नाही. सध्या आमचे दोन सेन्सर सिव्हिलच्या गच्चीवर, मोठ्या यंत्राशेजारी ठेवलेत. थर्ड फ्लोअरवरच्या मुलींनो, तिथे कपडे वाळत घालताना जरा बाजूला घाला. ओल्या कपड्यांनी रीडिंग बिघडतं.